मजुरीकामाचा हिशेब : सुरतेच्या साडी-बाजारातील काही धडे

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून रोजगारासाठी सुरतेस जाण्याचा प्रघात जुना आहे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर या स्थानकांवरून जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील कित्येक कुटुंबे उधन्यास उतरली व तेथेच स्थिरावली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांतील मराठी वस्ती इतकी मोठी आहे की, सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीतर्फे मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या जातात. या मंडळींपैकी बहुतेकांची सुरुवात यंत्रमागावरील अथवा कापड-प्रक्रिया गिरणीतील नोकरीने होते. पुढे हाताशी थोडी शिल्लक पडली, बाजारातील दोन-चार व्यापाऱ्यांशी ओळख झाली, म्हणजे त्यांतील काहीजण एखादी खोली भाड्याने घेतात, चार-सहा शिवणयंत्रे मांडतात आणि स्वतंत्रपणे मजुरीकाम घेऊ लागतात. नोकरीतून धंद्यात टाकलेल्या या दुसऱ्या पावलाविषयी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. या पावलासाठी पुष्कळदा घरातील दागिना गहाण पडलेला असतो किंवा गावाकडील शेताच्या वाट्यावर पैसे उचललेले असतात. यास्तव धंदा बसला तर त्याची झळ केवळ सुरतेतील खोलीपुरती राहत नाही.

धंद्याचे स्वरूप

सुरतेची साडी एका छताखाली तयार होत नाही. मागावर विणलेले कोरे कापड रंगाई-छपाईसाठी प्रक्रिया गिरणीत जाते, तेथून रिंग रोडवरील व्यापाऱ्याकडे येते, मग भरतकामाच्या यंत्रावर जाते. त्यानंतर काठाला लेस लावणे, टिकल्या वा खडे चिकटविणे, फॉल-बिडिंग करणे, लोंबणारे धागे कापणे, घडी घालणे अशी कामे निरनिराळ्या हातांकडे सोपविली जातात. या सर्व टप्प्यांत मालाची मालकी व्यापाऱ्याकडेच राहते. काम करणारा केवळ आपले श्रम, आपले यंत्र व आपला वेळ यांचा मोबदला घेतो. यालाच बाजारात ‘जॉबवर्क’ म्हणतात. त्याची मापेही वेगवेगळी आहेत. विणकराची मजुरी मीटरमागे धाग्यांच्या फेकीवर पैशांत मोजली जाते, संगणकीय भरतकामाची हजार टाक्यांवर, तर लेस लावण्याची सरळ नगावर.

शेतकरी किंवा दुकानदार यांच्याहून हा धंदा एका बाबतीत मुळातच निराळा आहे. भाव पडला तर शेतकरी धान्य काही दिवस तरी कोठीत ठेवू शकतो. दुकानदाराचा आज न खपलेला माल उद्या खपतो. मजुरीकाम करणाऱ्यास साठविता येईल असे काहीच नसते. आज यंत्र बंद राहिले तर आजचा दिवस गेला. तो उद्याच्या दिवसात मिळविता येत नाही. या भीतीपोटीच तो मिळेल त्या दराने काम घेतो. खोलीत साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले आहेत, यंत्रे रात्री दहापर्यंत चालू आहेत आणि तरीही मालक दर महिन्यास थोडाथोडा कर्जात चालला आहे, असे चित्र या धंद्यात अशक्य नाही. ते कसे घडते हे आकड्यांनीच पाहू.

दर कसा काढावा

समजा, एका कारागिराने सहा शिवणयंत्रे घालून साडीस लेस लावण्याचे काम सुरू केले. (पुढील सर्व आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्यक्षात ज्याने त्याने आपले आकडे घालावेत.) खोलीचे भाडे दरमहा १२,००० रुपये, वीज ४,०००, तेल, सुया व यंत्रदुरुस्ती ३,०००, माल आणण्या-नेण्याचे रिक्षाभाडे ४,०००, यंत्रांच्या कर्जाचा हप्ता ६,०००, किरकोळ १,००० आणि मालकाचा स्वतःचा पगार २०,००० रुपये. एकूण ५०,००० रुपये झाले. एकही साडी शिवली नाही तरी हा खर्च चुकत नाही. याखेरीज प्रत्येक साडीमागे कारागिराची मजुरी ६ रुपये व दोरा १ रुपया असा ७ रुपयांचा खर्च येतो. व्यापाऱ्याकडून मिळणारा दर साडीमागे १५ रुपये धरू. म्हणजे एका साडीमागे ८ रुपये हाती राहतात.

आता ५०,००० ला ८ ने भागले की ६,२५० येतात. महिन्याकाठी इतक्या साड्या झाल्या तर ना नफा, ना तोटा. पंचवीस दिवस काम चालेल असे धरल्यास रोज २५० साड्या, म्हणजे दर यंत्रावर सुमारे ४२ साड्या झाल्या पाहिजेत. एवढी कुवत आपल्या यंत्रांची व माणसांची आहे काय, हा प्रश्न खोली भाड्याने घेण्यापूर्वी विचारावयाचा असतो. नंतर विचारून उपयोग नाही.

या हिशेबातील मालकाचा पगार पाहून काही वाचक थबकतील. ‘धंदा आपलाच, मग पगार कसला?’ असा प्रश्न नवे उद्योजक हमखास करतात. परंतु हाच मनुष्य दुसऱ्याच्या मागावर राबला असता तर त्याला वेतन मिळालेच असते. ते त्याने सोडले आहे. तो पगार हिशेबात धरला नाही, तर घरखर्च गल्ल्यातूनच होतो आणि गल्ला का रिता राहतो हे वर्षभर कळत नाही. खोली स्वतःच्या मालकीची असेल तरी तिचे भाडे धरावे, त्याचे कारणही हेच.

आता शेजारच्या गल्लीत कोणी चौदा रुपयांत काम करून देतो असे कळले आणि आपणही एक रुपया उतरविला, तर काय होईल? पंधरांत एक रुपया म्हणजे सात टक्क्यांहून कमी सूट, क्षुल्लक वाटते. पण हाती राहणारे आठांचे सात झाले. ५०,००० ला ७ ने भागल्यास ७,१४३ साड्या येतात. म्हणजे तेवढाच खर्च भागविण्यासाठी जवळजवळ नऊशे साड्या अधिक शिवाव्या लागतील. दर तेरावर आणला तर ८,३३३ साड्या लागतील, म्हणजे काम एक-तृतीयांशाने वाढले पाहिजे. सहा यंत्रांवर ते होणार नाही. मग सातवे यंत्र, त्याचा हप्ता, आणखी एक कारागीर. दर उतरविणाऱ्या शेजाऱ्याने हा हिशेब केला असेलच असे समजू नये. कदाचित तो स्वतःचा पगार धरत नसेल, कदाचित त्याची खोली वडिलार्जित असेल, आणि कदाचित तोही बुडतच असेल. शेजाऱ्याचा दर माहीत असावा. तो आपला दर मात्र नव्हे.

प्राथमिक व माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात सोडवून घ्यावे अशी सूचना येथे करावीशी वाटते. भागाकार व शेकडेवारी या दोहोंचा त्यात उपयोग आहे, आणि ज्या गावांतून दरवर्षी मुले सुरतेची गाडी धरतात तेथे हे गणित पुस्तकी राहणार नाही.

परका माल आपल्या खोलीत

व्यापाऱ्याची साडी आपल्या खोलीत आली की तिची जबाबदारी आपली. यंत्राच्या तेलाचा एक डाग पडला, कात्री चुकली, आणि साडी जर ६०० रुपयांची असेल, तर व्यापारी तेवढे बिलातून कापतो. साडीमागे आपल्या हाती ८ रुपये राहतात. म्हणजे त्या एका साडीची भरपाई करण्यास पंचाहत्तर साड्यांचे काम खर्ची पडले. या दृष्टीने पाहता जमिनीवर अंथरलेली स्वच्छ चादर, तेल घातल्यानंतर आधी चिंधीवर चालविलेले यंत्र व खोलीत चहा पिण्यास मनाई या गोष्टी शिस्तीच्या राहत नाहीत, थेट उत्पन्नाच्या होतात.

माल घेताना मोजून घ्यावा, हे सांगण्याची गरज पडू नये. परंतु ओळखीच्या ठिकाणी नेमके तेच राहून जाते. गठ्ठ्यासोबत चलन येते. त्यावर संख्या लिहिलेली असते, ती दोघांनी मिळून तपासावी. एखादी साडी आधीच फाटलेली वा डागाळलेली आढळली तर त्याच दिवशी चलनाच्या दोन्ही प्रतींवर तसे लिहून सही घ्यावी. लेस कोणती, टाका किती अंतराचा, दोरा कोणत्या रंगाचा हे ठरल्यावर एक नमुना साडी शिवून व्यापाऱ्याची पसंती घ्यावी आणि त्या नमुन्याचा तुकडा वहीला टाचून ठेवावा. ‘आम्ही असे सांगितलेच नव्हते’ या वाक्यास त्या तुकड्याइतके चांगले उत्तर नाही. माल परत देतानाही कच्च्या चिठ्ठीवर न देता पोच घ्यावी. पुढे पैशांची मुदत याच तारखेपासून मोजावयाची असते.

विम्याबाबत एक गोष्ट फारशी माहीत नसते. आपल्या यंत्रांचा विमा उतरविला म्हणजे खोलीतील साड्यांचाही उतरला असे होत नाही, कारण त्या आपल्या मालकीच्या नाहीत. इतरांचा विश्वासाने ठेवलेला माल असा स्पष्ट उल्लेख विमापत्रात करून घ्यावा लागतो. सुरतेत याचे महत्त्व अधिक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीस महापूर आला व शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. त्याखेरीज लिंबायत परिसरातील मिठी खाडीसारख्या खाड्या पावसाळ्यात अधूनमधून वस्तीत शिरतात. जून २०२५ मध्येही तसे घडले. तळमजल्यावर काम करणाऱ्याने निदान पावसाळ्याचे महिने माल फळीवर, जमिनीपासून उंच ठेवावा. आगीची गोष्टही तशीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरील शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटला लागलेल्या आगीत शेकडो दुकाने जळाली. अशा वेळी व्यापाऱ्याचा माल तर जातोच, पण कारागिराच्या बिलांच्या त्याच्याकडील प्रतीही जातात. आपली प्रत आपल्याकडे नीट लावून ठेवलेली असेल तरच येणे सिद्ध करता येते.

उधारीचा खरा भाव

आता या धंद्यातील सर्वांत अवघड भागाकडे वळू. सुरतेचा कापड-बाजार उधारीवर चालतो. पैसे किती दिवसांनी द्यावयाचे याच्या रूढीस तेथे ‘धारा’ म्हणतात. साठ दिवस, नव्वद दिवस असे धारे चालत आले आहेत. रक्कम देताना शेकडा काही ‘वटाव’ कापून घेण्याचीही रीत आहे. आणि एखादा व्यापारी देणी बुडवून रातोरात दुकान गुंडाळतो तेव्हा बाजार त्यास ‘उठमणुं’ म्हणतो. या तिन्ही शब्दांची किंमत आपल्या उदाहरणात काढून पाहू.

महिन्यास ६,२५० साड्या, दर १५ रुपये; बिल ९३,७५० रुपयांचे. पैसे नव्वद दिवसांनी मिळत असतील तर तीन महिन्यांची बिले, म्हणजे २,८१,२५० रुपये, सदोदित व्यापाऱ्यांकडे अडकलेले राहणार. भाडे, वीज व कारागिरांची मजुरी मात्र नव्वद दिवस थांबत नाही. ती रक्कम शेकडा दोन दराने खासगी उचलली, तर दरमहा ५,६२५ रुपये व्याज झाले. साडीमागे ते ९० पैसे पडते. वर तीन टक्के वटाव गेला तर आणखी ४५ पैसे. म्हणजे चलनावर पंधरा रुपये लिहिलेला दर प्रत्यक्षात १३ रुपये ६५ पैसे झाला, आणि ना नफा ना तोटा असे वाटणारे काम दर महिन्यास आठ हजारांहून अधिक तोट्यात गेले. दर ठरविताना केवळ आकडा न बोलता ‘इतक्या दिवसांत, इतक्या वटावाने’ असे संपूर्ण बोलणे त्यामुळेच अगत्याचे आहे. रोखीचे चौदा रुपये हे नव्वद दिवसांच्या पंधरांपेक्षा पुष्कळदा बरे असतात. (वरील हिशेबात ते बरेच ठरतात; ताळा करून पाहावा.)

उठमणुं झाले तर हानी याहून मोठी. एकाच व्यापाऱ्याकडे ९०,००० रुपये अडकले व बुडाले, तर साडीमागील आठ रुपयांच्या हिशेबाने ते भरून काढण्यास ११,२५० साड्या, म्हणजे जवळजवळ पावणेदोन महिन्यांचे काम लागेल. आणि त्या काळात भाडे व हप्ता थांबणार नाही ते वेगळेच. एका व्यापाऱ्याचे काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जाऊ न देणे, हा साधा उपाय आहे. तो पाळणे कठीण असते हे खरे, कारण भरपूर काम देणारा व्यापारी कोणास नको असतो? तरीही जुनी बाकी एका ठरावीक रकमेपलीकडे गेली की नवा गठ्ठा उचलावयाचा नाही, एवढी मर्यादा तरी प्रत्येकाने स्वतःपुरती आखावी, आणि ती रक्कम काम सुरू करण्याच्या दिवशीच ठरवावी. बाकी वाढल्यानंतर ठरविलेली मर्यादा कधीच टिकत नाही.

या बाबतीत कायद्याचा आधार आहे, तो कितपत आहे हे नीट समजून घ्यावे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत, आणि ही मुदत काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांची मुदत लागू होते. मजुरीकाम ही सेवाच असल्याने तीस हे संरक्षण मिळते. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. याच कायद्यातील आणखी एक तरतूद मजुरीकाम करणाऱ्यांनी पाठ करून ठेवण्याजोगी आहे. काम पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारले असे मानले जाते. तीन महिन्यांनी पैसे मागावयास गेल्यावर ‘तुमच्या लेसचे टाके उसवले होते’ असे ऐकविण्याची जी पद्धत आहे, तिला येथे अटकाव आहे. अर्थात, काम कोणत्या तारखेस पोहोचले याची पोच हाती असेल तर. वाद राज्याच्या सुविधा परिषदेकडे नेता येतो, आणि परिषदेचा निवाडा अमान्य करून न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदारास निवाड्यातील रकमेच्या पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते.

या हक्कासाठी ‘उद्यम’ नोंदणी काम करण्यापूर्वीच झालेली असणे इष्ट. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी निःशुल्क आहे. तिच्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. आधी काम केले, पैसे अडकले, मग नोंदणी केली, अशा प्रकरणांत मागील व्यवहारांवर हक्क टिकेलच असा भरवसा देता येत नाही.

पुढे २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात बदल करण्यात आला. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे वर सांगितलेल्या मुदतीत न दिल्यास ती रक्कम त्या वर्षाच्या खर्चात वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळेल, अशी ती तरतूद आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. मार्च २०२४ च्या सुमारास सुरतेच्या बाजारात यामुळे मोठी खळबळ उडाली. हेतू लहान उद्योगाच्या हिताचाच होता. तथापि काही खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे काम वळवितात, अशी तक्रारही त्याच वेळी ऐकू आली. कायद्याने मुदत ठरते, पण कायद्याने गिऱ्हाईक टिकत नाही, ही या क्षेत्रातील अडचण आहे. ज्याचे सारे काम एकाच व्यापाऱ्याकडून येते तो परिषदेकडे जाण्याचे धाडस क्वचितच करील. ज्याच्याकडे चार व्यापारी आहेत तो करू शकेल. म्हणून कामाची विभागणी आधी आणि कायदा नंतर, असा क्रम प्रस्तुत लेखकास योग्य वाटतो.

हंगाम, सण आणि माणसे

लग्नसराई हा साड्यांचा हंगाम. नेमक्या त्याच दिवसांत आखाजी येते. खानदेशातील सासुरवाशिणींचा हा माहेरचा सण. यंत्रांवर बसणाऱ्या व घरी धागे कापणाऱ्या स्त्रिया गावी जातात आणि लग्नाच्या मोसमामुळे पुरुषही आठ-आठ दिवस येत नाहीत. व्यापाऱ्याचा तगादा मात्र तेव्हाच सर्वाधिक असतो. यावर सक्तीचा उपाय करून पाहणाऱ्यांचे कारागीर आखाजीनंतर दुसऱ्या खोलीत दिसतात. त्यापेक्षा महिनाभर आधी सर्वांच्या जाण्यायेण्याच्या तारखा भिंतीवर लिहाव्यात, आळीपाळी लावावी, आणि जेवढे हात उरतील तेवढेच काम कबूल करावे. उशिरा दिलेल्या कामाने व्यापारी जितका दुरावतो तितका नाकारलेल्या कामाने दुरावत नाही. दिवाळीची गोष्ट उलटी. बाजार दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत व त्यानंतरही काही दिवस थंड असतो, आणि त्या महिन्यात पंचवीस दिवस काम कधीच भरत नाही. वर्षाचा हिशेब बारा भरलेल्या महिन्यांवर मांडणारा फसतो.

बंद पडलेले महिने याहून मोठेही असतात. सप्टेंबर १९९४ मधील प्लेगच्या साथीत लाखो लोक सुरत सोडून गेले. २००६ चा महापूर वर आलाच आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या विरोधात कापड-बाजार दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिला. २०२० च्या टाळेबंदीत यंत्रमाग थांबले व कामगार पुन्हा गावाकडे वळले. एका माणसाच्या धंद्याच्या आयुष्यात असे दोन-तीन प्रसंग येणारच असे धरून चालावे. निदान दोन महिन्यांचा कायम खर्च, आपल्या उदाहरणात एक लाख रुपये, बाजूस असावा. साडीमागे पन्नास पैसे वेगळे काढले तर महिन्यास ३,१२५ रुपये साठतात व बत्तीस महिन्यांत लाख होतात. हे पन्नास पैसे नफ्यातून काढू म्हटले तर निघत नाहीत. दरातच धरावे लागतात.

घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे. टिकल्या लावणे, लेसपट्टी, धागे कापणे ही कामे पुष्कळशी घराघरांतून होतात व या साखळीतील सर्वांत शेवटचा पैसा त्यांना मिळतो. व्यापारी आपणास उशिरा देतो म्हणून आपण त्यांना उशिरा देणे, हा या धंद्यातील अगदी रुळलेला अन्याय आहे. पंचेचाळीस दिवसांचा कायदा या स्त्रियांच्या उंबरठ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही; त्यांच्याजवळ ना चलन असते, ना पोच. प्रत्येकीस एक लहान वही द्यावी; दिलेले नग, परत आलेले नग, दर व दिलेले पैसे यांची नोंद तीत दोन्ही बाजूंनी व्हावी, आणि हिशेब आठवड्यास पुरा व्हावा. हे केवळ भूतदयेपोटी सांगितलेले नाही. नीट पैसे मिळणारी बाई साडी जपते, आणि एका डागाची किंमत पंचाहत्तर साड्या आहे हे आपण पाहिले आहे. मुलांच्या बाबतीत मात्र तडजोड नसावी. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. आईस मदत म्हणून शाळेची वेळ बुडवून गठ्ठा उपसणारी मुले ज्यांच्या वर्गात आहेत, त्या शिक्षकांनी पालकांशी बोलावे आणि काम देणाऱ्याशीही बोलावे.

हेच काम गावी आणता येईल काय?

सुरतेत शिकलेले हे काम आपल्या जिल्ह्यात सुरू करावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. नंदुरबार, नवापूर ही ठिकाणे लोहमार्गावर असून सुरतेस जवळची आहेत. प्रशिक्षण व कर्जविषयक चौकशीसाठी जिल्हा उद्योग केंद्र आहेच. कराच्या दृष्टीने, केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही. आपल्या उदाहरणातील उलाढाल ११,२५,००० रुपये आहे. मात्र गुजरातेतील व्यापाऱ्याचा माल राज्याची सीमा ओलांडून मजुरीकामासाठी येत असेल, तर त्याची किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल तयार करावे लागते. ते व्यापाऱ्याकडून करून घ्यावे. ई-वे बिल व चलन यांशिवाय गठ्ठा गाडीत चढवू नये. शिवाय मजुरीकामास दिलेला माल एका वर्षाच्या आत व्यापाऱ्याकडे परत गेला पाहिजे, नाहीतर तो विकला असे धरून त्यावर कर बसतो. एखादा राहिलेला गठ्ठा कोपऱ्यात विसरण्याची सोय येथे नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. खोलीचे भाडे १२,००० ऐवजी ५,००० रुपये पडले आणि सुरतेतील रिक्षाचे ४,००० वाचले, तर महिन्यास ११,००० रुपयांची बचत झाली. ६,२५० साड्यांवर ती साडीमागे १ रुपया ७६ पैसे होते. टेम्पोची सुरतेस जाऊन-येऊन एक खेप ४,००० रुपयांस पडत असेल, तर त्या खेपेत सुमारे २,३०० साड्या असल्या तरच बचत टिकते. दीड हजार साड्यांवर खेप केली तर साडीमागे २ रुपये ६७ पैसे भाड्यात गेले व गावी येऊन उलट तोटाच पदरात पडला. आता २,३०० साड्या भरेपर्यंत थांबावयाचे म्हटले, तर महिन्यास जेमतेम तीन खेपा होतात, आणि एका गठ्ठ्यास जाण्यायेण्यासह दहा-अकरा दिवस लागतात. लग्नसराईत व्यापारी इतके दिवस थांबत नाही. तेव्हा तातडीचे काम सुरतेच्याच खोलीत ठेवून, ज्यास वेळ आहे असे बारमाही काम तेवढे गावी पाठवावयाचे, अशी विभागणी करता येण्याजोगी आहे. तीन-चार कारागिरांनी मिळून एकच टेम्पो ठरविला तर खेप भरण्यास दहा दिवस थांबावे लागणार नाही. फक्त प्रत्येकाच्या गठ्ठ्यावर नाव, चलनाचा क्रमांक व नगांची संख्या जाड अक्षरांत लिहिलेली असावी.